डाव्या पायाचं पाणी

पाय बरा झाला तेव्हा लोक भेटले की आधी पायाकडे बघायचे, मग तोंडाकडे, आणि म्हणायचे, "मॅडम, सुटलात एकदाच्या." मी मान हलवायची. काय सांगणार? अडतीस वर्षं ज्या पायावरून लोकांनी नजर चुकवली, तो आता उजव्यासारखा दिसत होता, आणि त्यांना बिचाऱ्यांना आनंद झाला होता. पण सुटलात म्हणणाऱ्यांपैकी एकाने तरी सकाळी सात ते साडेसात माझ्या खोलीत येऊन बसावं, असं मला फार वाटायचं. मी कशातून सुटले ते त्याला कळलं असतं.

मी कुंदा बोरकुटे. इथल्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता निवृत्त. लग्न केलं नाही. म्हणजे पाय बघून कोणी केलं नाही. तुम्ही माझ्या वर्गात नव्हता, म्हणून या पायाला काय झालं होतं ते आधी सांगते. मध्ये बोलू नका.

हृदय रक्त ढकलतं हे तुम्हाला ठाऊक आहे. ते रक्त केसाएवढ्या बारीक वाहिन्यांत पोचलं की त्यातलं थोडं पाणी बाहेर झिरपतं आणि पेशींना खाऊपिऊ घालतं. बरंचसं परत रक्तात जातं, पण सगळं नाही. दिवसाला दोन-तीन लिटर मागे उरतं. ते गोळा करून वर नेणाऱ्या नळ्यांची एक वेगळी व्यवस्था शरीरात असते, त्या लसिकावाहिन्या. त्यांच्यासाठी वेगळं हृदय नाही. नळ्या आपल्या आपण जराशा आवळतात, चालताना पिंढरी दाबली जाते, श्वास आत-बाहेर होतो, एवढ्यावर ते पाणी चढतं. खाली घसरू नये म्हणून नळीत जागोजाग झडपा असतात. आमच्या भागात धानाच्या बांध्या, तलाव आणि डास. डासाबरोबर हत्तीरोग अंगात शिरतो, त्याचे दोऱ्यासारखे किडे होतात, आणि मेले नेमके याच नळ्यांत घर करतात. औषधाने किडे मरतात. मोडलेल्या झडपा मात्र परत येत नाहीत. मग पाणी पायातच राहतं, पाय सुजतो, कातडी जाड होते, बोटांच्या बेचक्यात भेगा पडतात, आणि त्या भेगेतून जंतू शिरले की थंडी वाजून ताप. मला हे चोविसाव्या वर्षी झालं.

उपाय रोजचाच होता. पाय साबणाने धुवायचा, प्रत्येक बोटामध्ये कोरडा करायचा, मलम लावायचं, हलक्या हाताने पाणी वर सारायचं आणि घोट्यापासून पट्टी बांधायची. यातली गंमत अशी की चोळायला सुरुवात पायापासून करायची नसते, मानेपासून करायची असते. गळ्याच्या हाडामागच्या खळग्यात हे पाणी शेवटी रक्ताला मिळतं. आधी तिथली वाट मोकळी करायची, मग जांघ, मग मांडी, आणि शेवटी पाय. वरचं रिकामं झाल्याशिवाय खालचं येणार कुठे?

हे एकटीला जमत नाही. म्हणून हत्तीरोगाच्या शिबिरात प्रत्येक रुग्णामागे घरचं एक माणूस शिकवून तयार करत, त्याला जोडीदार म्हणत. माझी जोडीदार म्हणून नाव लागलं माझ्या भावजयीचं, शालूचं.

शालू माझ्या धाकट्या भावाची, दिवाकरची बायको. दिवाकरला जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्याला साखरेचा आजार होता, इन्सुलिन घ्यायचा. एक दिवस दुपारी घरात एकटा असताना त्याची साखर उतरली. शालूला त्याचा नुसता चेहरा बघून कळायचं, ती लगेच गुळाचं पाणी द्यायची. त्या दिवशी ती घरी नव्हती आणि मी शाळेत होते. संध्याकाळी ती परत आली तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. त्या सगळ्यांदेखत मी तिला म्हणाले, "तू घरी असतीस तर माझा भाऊ आज जिवंत असता."

ती काही बोलली नाही. नंतरही नाही. तेरवी झाली आणि मी ते घर सोडून चार गल्ल्या पलीकडे खोली घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दार वाजलं. शालू, हातात बादली. आत आली, पाणी तापवलं, माझ्या पाठीमागे बसली आणि मानेपासून सुरुवात केली. साडेसातला पट्टीची शेवटची गाठ मारून ती आश्रमशाळेच्या स्वयंपाकाला निघून गेली. त्यानंतर एकोणीस वर्षं ती रोज आली. आणि एकोणीस वर्षं आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नाही.

अबोला म्हणजे काय हे आजकालच्या लोकांना कळायचं नाही. भांडण वेगळं, अबोला वेगळा. अबोल्यात कामं अडत नाहीत, फक्त ती भिंतीमार्फत करावी लागतात. पाणी जास्त गरम झालं की मी घड्याळाकडे बघून म्हणायची, काही लोकांना पाय आणि बटाटा यातला फरक कळत नाही. दुसऱ्या दिवशी पाणी बरोबर कोमट. तिला उशीर होणार असला की आदल्या दिवशी ती माझ्या कॅलेंडरवर त्या तारखेखाली एक रेघ मारून जायची. मान चोळताना ती मागे बसायची आणि पाय चोळताना खाली बघायची, त्यामुळे नजरेला नजर द्यायची वेळच यायची नाही. तिच्या हाताला फोडणीचा वास यायचा. मी पेपर वाचायची, म्हणजे पेपर धरून बसायची.

मग वेलदोरा आला.

डॉक्टर ताकसांडे माझीच विद्यार्थिनी, नववी ब, मागच्या बाकावर डुलक्या घेणारी. तिनेच मला समजावलं. प्राण्यांच्या कातडीतल्या प्रथिनापासून केसापेक्षा बारीक दोरा विणतात आणि त्याला नळ्या वाढवणारं द्रव्य चोपडतात. तो दोरा घोट्यापासून जांघेपर्यंत कातडीखाली ओवला की चांगल्या नळ्यांच्या पेशी त्याच्यावरून पुढे सरकतात. "मॅडम, मांडवाला सुतळी बांधली की वालाची वेल चढते ना, तसं," ती म्हणाली. सहा महिन्यांत दोरा विरघळून जातो आणि मागे नवी नळी उरते, झडपांसकट. पहिलं वर्ष मात्र तिला जपायचं, वर काहीही घट्ट बांधायचं नाही. मी तिला मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले. माझ्या पायात असे नऊ दोरे घातले.

सोबत घोट्याला एक मऊ पट्टा दिला. पाण्यातून वीज सहज जाते, चरबीतून अडखळते. पट्टा पायातून जाणवणारही नाही इतका बारीक प्रवाह सोडतो आणि जास्तीचं पाणी किती ते मिलिलिटरमध्ये सांगतो. आकडा माझ्या फोनवर दिसायचा आणि जोडीदाराच्याही. दीडशेच्या वर गेला की जोडीदाराच्या फोनची घंटी वाजायची. सुरुवातीला तो चौदाशे होता. पावसाळ्यापर्यंत सातशे, दसऱ्याला दोनशे, आणि मग एकदा चाळीसवर येऊन तिथेच थांबला. शालू तरी येतच होती, धूत होती, पुसत होती. तिला कोणी नको म्हटलं नव्हतं, आणि मी तर म्हणणारच नव्हते.

कार्तिकातल्या एका सकाळी ती माझ्या बोटांमधलं पाणी टिपत होती आणि आमचे दोन्ही फोन एकदम वाजले. तीस दिवस आकडा पन्नासच्या खाली राहिला की यंत्रणाच आपोआप निरोप पाठवते, हे मला माहीत नव्हतं. निरोप असा होता: अभिनंदन, आपल्या रुग्णास आता जोडीदाराची आवश्यकता उरलेली नाही, आपल्या सेवेबद्दल आभार. शालूने तो वाचला. उरलेली तीन बोटं तिने एकेक करून पुसली. टॉवेलची घडी घातली. आणि निघताना बादली घेऊन गेली. बादली तिचीच होती, पण एकोणीस वर्षं ती माझ्या मोरीत राहायची.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. कॅलेंडरवर रेघ नव्हती.

मी ठणठणीत होते. बाजारात जात होते, तलावाच्या पाळीवरून फिरत होते, दोन्ही पायांत सारख्या मापाची चप्पल घालत होते. आणि घरी येऊन बसले की वाटायचं, आज दिवसभरात आपल्याला कोणाचा हात लागलेला नाही. काल पण नाही. हे असं मोजत बसायला लाज वाटायची, पण मोजलं जायचं. सात वाजले की मान आपोआप पुढे झुकायची. मागे कोणी नसायचं. एकटी तर मी कित्येक वर्षं होते, पण अर्ध्या तासाने किती फरक पडतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

फोन करायला काय हरकत होती, असं तुम्ही म्हणाल. घोडं तिथेच अडलं होतं. फोन करून बोलायचं काय? ये म्हणायच्या आधी मला दुसरं एक बोलावं लागलं असतं. ते मी तुम्हालाही अजून सांगितलेलं नाही.

दिवाकर गेला त्या दिवशी शालू कुठे होती? नागपूरला. माझ्या पायाच्या पट्ट्या आणायला. तसल्या पट्ट्या नागपुरात एकाच दुकानात मिळायच्या. माझी जुनी विरली होती आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती. शालू म्हणाली होती, परवा गेली तर नाही चालणार काय, आज यांचं काही बरोबर दिसत नाही. मी म्हणाले, तुम्हाला माझ्या पायाचं काही पडलेलंच नाही. ती पहिल्या गाडीने गेली. संध्याकाळी आली तेव्हा तिच्या हातात ती पिशवी होती, आणि मी ते वाक्य बोलले. अंगणातल्या कोणालाच माहीत नव्हतं ती कुठून आली ते. तिने सांगितलं नाही. मीही नाही. गावाने वर्षभर तिच्याकडे वाकडं बघितलं, आणि मी बघू दिलं.

तर फोन झाला नाही. त्याऐवजी मी काय केलं ते सांगते. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईने हे केलं, म्हणून नीट ऐका. पहाटे पाचला उठले, परकराची नाडी काढली आणि डाव्या गुडघ्याच्या खाली करकचून बांधली. दोन तास पाय खाली सोडून बसले. आकडा चाळीसवरून ऐंशीवर गेला, मग एकशे दहावर, आणि सातला दहा मिनिटं कमी असताना एकशे पंच्याऐंशीवर. शालूचा फोन पट्ट्याला अजून जोडलेलाच होता. नाडी सोडून उशीखाली ठेवली. सातला दार वाजलं.

शालू, हातात बादली.

ती मागे बसली आणि तिची बोटं मानेवर टेकली. मी पेपर तोंडासमोर धरला, कारण डोळे भरून आले होते आणि नाक गळत होतं. साडेसातला ती गेली. बादली मोरीत ठेवून गेली.

तेवीस दिवस मी हे केलं. रोज नाही, एक दिवस आड, म्हणजे संशय येऊ नये. मला वाटायचं, किती हुशार आपण. तेविसाव्या दिवशी पहाटे नाडी बांधता बांधता दात वाजायला लागले. पाय गुडघ्यापासून खाली लालबुंद आणि तव्यासारखा गरम. मला नाडी सोडायचं भान राहिलं, एवढंच. शालू आली, तिने कपाळाला हात लावला, मला रिक्षात घातलं आणि जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं.

चार दिवस सलाईनमधून औषध चाललं. ताकसांडेने पायाचं चित्र काढलं आणि पडद्यावर दाखवलं. नऊ नळ्यांपैकी दोन बंद पडल्या होत्या, दोन्ही एकाच रेषेत, गुडघ्याच्या चार बोटं खाली. सात वाचल्या होत्या. पाय तेवढ्यावर चालेल म्हणाली, पण आणखी दोन दिवस गेले असते तर सगळाच खेळ संपला असता. मग तिने विचारलं, इथे काय बांधत होता? मी म्हणाले, मोज्याचं रबर घट्ट होतं. माझ्याच विद्यार्थिनीशी मी खोटं बोलले. ती मान डोलावून गेली.

शालू पलंगाशी उभी होती. मी मोजे घालत नाही हे जगात एका माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि ते माणूस माझ्याकडे बघत होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा नजरेला नजर. मला वाटलं, आता भिंतीकडे बघून काहीतरी बोलावं.

"बोलवाचं होतं त तोंड नव्हतं काय तुम्हाले?" शालू म्हणाली.

आवाज जुनाच होता, फक्त थोडा जाड झालेला. शालू आपली पिशवी उचलून निघून गेली. घरी मला ताकसांडेच्या नर्सने सोडलं. मोरीत बादली नव्हती.

त्यानंतर पंधरा दिवस गेले. आकडा परत चाळीसवर आला. रोज सातला मी पट्ट्याकडे बघायची आणि तो मला सांगायचा की तुझं सगळं ठीक आहे. नाडी मी परकरात परत ओवली. नवी युक्ती शोधायचीही इच्छा राहिली नव्हती. शालूच्या त्या प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते इथे बसून देता येण्यासारखं नव्हतं. तोंड होतं. एकदाच वापरलं होतं, चाळीस माणसांसमोर.

सोळाव्या दिवशी सातला मी चप्पल घातली आणि बाहेर पडले. चार गल्ल्या. जुन्या पायाने मला अर्धा तास लागला असता, म्हणजे निदान मी स्वतःला तसं सांगत आले होते. सहा मिनिटं लागली. दिवाकरच्या घरी मी तेरवीनंतर पाऊल टाकलं नव्हतं. दाराचा रंग बदललेला, अंगणात फरशी घातलेली, बाकी तेच. बादली ओट्यावर पालथी घातलेली होती.

शालूने दार उघडलं. आधी पायाकडे बघितलं, सवयीने, मग माझ्याकडे. आत या म्हणाली नाही. दारातच उभी राहिली, एक हात चौकटीवर.

मी काही बोलायच्या आत तीच बोलली. म्हणाली, पहिल्याच दिवशी तिला नाडीची खूण हाताला लागली होती. तिला कळलं होतं. थांबवायला पाहिजे होतं, पण थांबवलं तर यायचं कारण संपलं असतं, म्हणून ती गप्प राहिली आणि येत राहिली. मग खाली बघून म्हणाली, "एक माणूस गेला, मी घरी नव्हती म्हणून. आता तुमचा पाय जात होता, मी येत होती म्हणून. म्हणून नाही आली मंग."

म्हणजे एकोणीस वर्षं ती ते वाक्य रोज सोबत घेऊन येत होती. मी फेकलं होतं, तिने उचलून ठेवलं होतं. पाठ केलेलं सगळं भाषण मी विसरले. शेजारची बाई अंगण झाडता झाडता थांबली होती. बरं झालं, म्हटलं, हिलाही ऐकू दे.

"तू घरी नव्हतीस, कारण मी तुला पाठवलं होतं," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढ्या आवाजात. "तू परवा जाते म्हणालीस. मी आजच जा म्हणाले. माझ्या पट्ट्या आणायला गेली होतीस तू."

चौकटीवरचा हात तसाच होता.

"आठ मीटरच्या दोन," ती म्हणाली. "दुकानदार एकच देत होता. मी दुसरीसाठी थांबली. गाडी सुटली, दोन तासानं पुढची भेटली मंग."

हे मला माहीत नव्हतं. ते दोन तास तिने कोणालाच कधी सांगितले नव्हते. दोन्ही पट्ट्या अजून माझ्या कपाटात आहेत, एवढंच मी म्हणाले. मग आम्ही दोघी नुसत्या उभ्या राहिलो. शेजारीण आत निघून गेली. मला परत फिरावं वाटायला लागलं. बोलून झालं होतं. तिने माफ करावं असा काही नियम नव्हता.

मी वळणार तेवढ्यात शालूने पुन्हा माझ्या पायाकडे बघितलं. चौकटीवरचा हात काढला आणि जरा बाजूला सरकली.

"उभ्या नका राहू इतका वेळ," ती म्हणाली. "पायात पानी उतरते."